वस्तऱ्याखालची झोप

कुसूरच्या देशमुखांचा एकच घोषा, "गाव बिघडलं!" एकदा सटवाजी न्हाव्यापुढे दाढीला बसतानाही ते गरजले, "विश्वास ठेवावा असा माणूसच उरला नाही. उद्या धर्मशाळेला कुलूप ठोकतो!" आणि सवयीप्रमाणे मान मागे टाकून घोरू लागले.

गळ्यावर शेवटचा हात फिरवून म्हाताऱ्या सटवाजीनं त्यांना हळूच जागं केलं. "सरकार, गळ्याशी वस्तरा असताना झोप कशी लागली?"

देशमुख ओशाळले. "तुझी गोष्ट वेगळी रे."

"तुमचं जेवण रांधणारीची, पाणी भरणाऱ्याची, दाराशी पहारा देणाऱ्याचीही वेगळीच ना? मग सरकार, बिघडलेलं गाव म्हणजे उरलं कोण?"

देशमुख पोट धरून हसले. कुलूप घरीच राहिलं.