शेठचा उद्या

बार्शीचे धनराजशेठ तोंडाचे गोड आणि हाताचे आखडते. त्यांनी दुकानात कुपनं काढली: महिन्याचा किराणा एकदम भरा, कुपन घ्या, सहा कुपनांवर तेलाची पिशवी फुकट! शकूमावशींनी यादीबाहेरचं बिस्कीटसुद्धा न घेता सहा कुपनं जमवली. दिवाळीच्या चकल्या शेठच्या तेलात तळायच्या, असा बेत.

पण मावशी तेल मागायला गेल्या, की शेठ म्हणत, "उद्या देतो." रोज तेच.

वसुबारसेला दुकान गच्च भरलं होतं. मावशींनी रवा, बेसन, साखर घेतली आणि म्हणाल्या, "शेठ, हे उधारीवर मांडा."

शेठनी डोक्यावरची पाटी दाखवली. "आज रोख, उद्या उधार!"

"ही पाटी मी कालच वाचली. म्हणजे आज उधार."

शेठ खो खो हसले. "मावशी, या दुकानात उद्या कधी उजाडतच नाही!"

मावशी गर्दीकडे वळल्या. "ऐकलंत ना? आणि माझं कुपनाचं तेल हे उद्या देणार आहेत!"

हशा पिकला. बायका आपापली कुपनं काढून शेठकडे बघू लागल्या. शेठनी तेलाची पिशवी पुढे केली.

मावशींनी बाकीच्या सामानाचे पैसे रोख मोजले आणि म्हणाल्या, "उजाडला की हो, शेठ!"