फितुरांनी दाखवलेली भेग

तांबडगडाचे दिवाण अंतोबा यांना एक खोड होती. कोणी तक्रार आणली की ती ऐकण्याआधी तो माणूस कोणाच्या बाजूचा हे ठरवून ते मोकळे होत. तटाला भेग पडल्याचं गवंड्यानं सांगितलं, तो फितूर ठरून कोठडीत गेला. पहारेकऱ्यानं तेच सांगितलं, तोही त्याच्या शेजारी जाऊन बसला. भेगेकडे कोणी फिरकलंच नाही.

मग तटालगत गवत कापणारी हौसाक्का दरबारात आली. म्हणाली, "भेगेत आता अख्खा हात जातोय."

"महाराज, हे शत्रूचं कारस्थान आहे," अंतोबा म्हणाले. "हीसुद्धा फितूर."

"असंन मी, सरकार," हौसाक्का शांतपणे म्हणाली. "मग भेग कुठं हाय ते शत्रूला कळलंच की. आजच बुजवायला पायजे. आन् मी फितूर नसंन, तर खरं सांगतीय. तरीबी बुजवायलाच पायजे."

महाराजांनी कोठडीतल्या दोघांना सोडायला आणि गवंड्याला चुना कालवायला सांगितलं.

"पण ही बाई आहे तरी कोणाची?" अंतोबांनी पुन्हा विचारलं.

"तटालगतच्या आळीतली," हौसाक्का म्हणाली. "शत्रू आला तर आधी आमच्या घरात शिरंल. तुमच्यापातूर यायला त्याला वेळ लागंल."