वज्रभानाचा श्वास

“...मग, कसं वाटलं तुम्हाला, गुरुजी?”

शर्वाणीने तिसऱ्यांदा विचारलं.

भिकाजी चितारी भिंतीला टेकून बसले होते. साठ वर्षं त्यांनी सावंतवाडीच्या लाकडी बाहुल्यांना डोळे रंगवले. शर्वाणी लहानपणी त्यांच्याचकडे कुंचला धरायला शिकली, मग मोठ्या शहरात गेली, नाव काढलं. आज गावातल्या बंद थिएटरात तिने आपलं काम मांडलं होतं, ते त्यांना दाखवायला.

खुर्च्या काढून टाकलेल्या. पत्र्याच्या भोकांतून दुपारचं ऊन उतरत होतं, त्यात धूळ तरंगत होती. आणि पडद्याच्या जागेखाली पंचवीस फुटी वज्रभान निजला होता.

वज्रभान म्हणजे सिनेमातला तो नायक, बंदुकीच्या गोळ्या खाऊनही न पडणारा. रिक्षांच्या पाठीवर, पोरांच्या दप्तरांवर, सगळीकडे तोच. शर्वाणीने त्याला दवाखान्याच्या खाटेवर निजवला होता. पायाला प्लास्टर, हाताला सलाईन. अंग पातळ रेशमी कापडाचं. आत पंखा हवा भरायचा, सोडायचा.

छाती वर यायची... खाली जायची... पुन्हा वर.

“पुण्यात लोकांनी चपला फेकल्या,” शर्वाणी अभिमानाने म्हणाली. “त्यांचा देव आजारी पाडला ना मी!”

गुरुजी त्या छातीकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचाही श्वास त्याच लयीत चालू लागला.

तेवढ्यात एक म्हातारी आत आली. बाजारातून आली असावी, हातात पिशवी होती. खाटेजवळ थबकली. वज्रभानाच्या उघड्या पावलावर चादर ओढली, नीट खोचली, आणि आली तशी निघून गेली.

शर्वाणीला हसू आवरेना.

“हसतंस कित्याक?” गुरुजींनी विचारलं.

“खरा समजली त्याला! एवढं उघडं करून दाखवलं, तरी... गुरुजी, कापड आहे नुसतं. कापड आणि हवा. आत कुणी नाही, कधी नव्हतंच. एवढंच तर सांगायचंय मला.”

“कोणीच नाय?”

“कोणीच नाही.”

गुरुजी उठले. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश. भिंतीपाशी गेले आणि पंख्याचं बटण बंद केलं.

सगळीकडे शांत झालं... इतकं, की वर पत्र्यावर कुठेतरी पारवा घुमला तो ऐकू आला.

वज्रभानाने एक लांब श्वास सोडला. छाती खाली गेली. वर आलीच नाही. गाल बसले. सलाईनचा हात हळूहळू खाटेखाली लोंबला...

शर्वाणी धावली. शहरातली भाषा कुठल्या कुठे गेली.

“गुरुजी, चालू करा! मरतलो तो!”

बटणावर बोट तसंच ठेवून गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं.

“कोण गो?”