तोंडातला काढा

फार पूर्वी कुंभवती नगरीवर सुबाहू राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या आरोग्यशाळेचे मुख्य वैद्य होते. आरोग्यशाळा मुळात फक्त मुलांची आणि म्हाताऱ्यांची. सुबाहूच्या वडिलांनी ती हातावर पोट असणाऱ्या सगळ्यांना खुली केली होती. सुबाहूने गादीवर येताच ते बंद केले. "धडधाकट माणसाला फुकट औषध दिले की तो आळसावतो," तो म्हणाला.

"महाराज, तो धडधाकट राहावा म्हणूनच तर औषध," बोधिसत्त्व म्हणाले. पण पालथ्या घड्यावर पाणी!

त्या हिवाळ्यात चुनाभट्टीवरचा नंदिक खोकू लागला. राजवाड्याच्या नव्या सज्जाचा चुना तोच भाजत होता, बरं का! त्याला आरोग्यशाळेच्या दारावरूनच हाकलले. औषध विकत घ्यावे, तर घरात खायचे वांधे. त्याची आई उत्पला मात्र म्हातारी. तिला धाप लागे, म्हणून तिला अडुळशाचा काढा मिळे. काढा आवारातच प्यायचा, बाहेर न्यायचा नाही, असा दंडक होता. औषध कुणी विकू नये म्हणून तो बोधिसत्त्वांनीच घातला होता.

उत्पला रोज यायची, वाटी तोंडाला लावायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. बोधिसत्त्वांना वाटले, म्हातारीने मौनव्रत धरले आहे. एके सकाळी त्यांनी थट्टेने विचारले, "काय आजीबाई, तोंडात मूग धरलेत की काय? एवढा रुसवा तर आमची बायकोही धरत नाही!"

म्हातारीला हसू आवरेना. तोंडातला काढा भुईवर सांडला, आणि हसता हसता ती रडू लागली.

"अरे बाबा, काय केलंस हे! आता माझ्या लेकराला काय पाजू?"

 काढ्याचे भांडेच उचलून बोधिसत्त्व तिच्यामागोमाग निघाले. नंदिक चुलीपाशी पडला होता, त्याला श्वास पुरत नव्हता. बोधिसत्त्वांनी पुढे केलेली काढ्याची वाटी त्याने हाताने दूर सारली.

"वैद्यबुवा, हिला द्या. रोज माझ्यासाठी तोंडात धरून आणते, स्वतः घोटही गिळत नाही. नको म्हटलं तर ऐकत नाही."

दुपार टळायच्या आत तो गेला. त्यानंतर उत्पलाने काढ्याला हात लावला नाही. "आता कुणासाठी?" एवढेच म्हणायची. थंडी सरली तेव्हा तीही नव्हती.

बोधिसत्त्वांनी राजाची वैद्यकी सोडली आणि वेशीबाहेर काढ्याची चूल मांडली. तिथे कुणाला वय विचारीत नसत, औषध घरी न्यायलाही मोकळीक होती. पण त्या मायलेकरांचे दुःख त्यांना जन्मभर पुरले.

विहारात भिक्खूंना शास्ते, म्हणजे भगवंत, सांगत होते ती कथा संपली. विहाराच्या औषधकोठीवरच्या भिक्खूने त्याच सकाळी तापाने फणफणलेल्या एका हमालाला "धडधाकट दिसतोस" म्हणून परत पाठवले होते. शास्ते त्या भिक्खूकडे पाहून म्हणाले, "तेव्हाचा सुबाहू तू होतास. नंदिक म्हणजे तो हमाल. उत्पला याही जन्मी त्याचीच आई, घरी त्याची वाट पाहते आहे. वैद्य मी होतो."

भिक्खूने कोठीतले भांडे उचलले आणि तो अनवाणीच धावत सुटला.

"ही करुणा," शास्ते इतरांना म्हणाले. "तेव्हा मला ती उशिरा सुचली. तो वेळेवर पोचो."