गुलाबी भिंत आणि कडेवरचं लेकरू

मेक्सिको देशात युकातान नावाचा मुलूख आहे. तिथल्या रानात माया लोकांचं एक जुनं देऊळ आहे. उतरंड रचावी तसं, वर वर निमुळतं होत गेलेलं. चुना कधीचाच धुऊन गेला, दगड उघडे पडून काळवंडले. पण उगवतीच्या अंगाला, पायथ्याची एक भिंत मात्र गुलाबी आणि गुळगुळीत आहे, न्हाऊ घातलेल्या बाळाच्या पाठीसारखी.

आम्ही गेलो तेव्हा देऊळ दाखवणाऱ्या फेलिपाबाईंनी आम्हाला शिखराकडं बघूच दिलं नाही. "वर सगळेच बघतात. आधी या भिंतीला भेटा," म्हणाल्या. बाई माझ्याच वयाच्या. त्या सांगत होत्या नि माझी नात मराठीत करून देत होती. ते असं.

चुनखडीच्या त्या गावात, जिथं नदी नाही, ओढा नाही, पाणी सगळं जमिनीच्या पोटातल्या डोहात, तिथं कानुल नावाचा गवंडी नांदत होता. घरात बायको मुकुय, मुलगा बालाम आणि सून निक्ते. सून हरणाचं कातडं कमावणाऱ्याच्या घरची. त्यावरून मुकुय तिला येता-जाता टोचायची, पण भाकरी थापताना पहिली ऊन भाकरी तिलाच द्यायची, असंही सांगतात.

गावानं पावसाच्या देवाचं देऊळ बांधलं. कानुलनं त्याला चुना घोटून असं पांढरंशुभ्र केलं की बघणाऱ्यानं डोळ्यांवर हात धरावा. पाऊस आला आणि सगळा चुना ओघळून गेला. पुढच्या साली तेच. पुजारी म्हणाला, "ज्याचं घर तोच धुऊन टाकतो. देवाला या गवंड्याचा हात पसंत नाही." गाव कुजबुजायला लागलं.

तेव्हा कानुल डोहात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि बोलला, "यंदाच्या पावसात एक तरी भिंत टिकली नाही, तर मी बिऱ्हाड घेऊन गाव सोडीन. आणि भिंत टिकेपर्यंत माझ्या घरातलं लेकरू या गावात कडेवर बसणार नाही."

हा नवस साधा नव्हे. त्या लोकांत तान्ह्या बाळाला कडेवर घेत नाहीत, फडक्यात बांधून पाठीवर वागवतात. मग एक दिवस सगळ्या गावासमोर त्याला पहिल्यांदा कडेवर बसवतात, हातात घरच्या कामाचं अवजार देतात. त्या दिवसापासून ते लेकरू गावाचं. निक्तेला तेव्हा नुकतीच मुलगी झालेली. पोर मान धरायला लागली, हसायला लागली, आणि कडेवर बसायची तिची वेळ टळून गेली. मुकुय म्हणायची, "माझी कंबर नुसती रिकामी फिरते गं."

पाऊस जवळ आला. देऊळ वरून खालपर्यंत पांढरं झालं, फक्त उगवतीची पायथ्याची भिंत राहिली. तिच्यापुरता शेवटचा चुना दगडी डोणीत भिजत होता. चुना वाहायच्या कातडी पिशव्या फाटल्या, म्हणून नव्यांसाठी निक्तेनं कातडं कमावायला घेतलं. आपल्या बाभळीसारखं तिथं एक काटेरी झाड आहे, त्याची साल तिनं रांजणात भिजवली. काम झालं, लाल पाणी उरलं. पाणी तर डोहाच्या तळातून डोक्यावर चढवून आणायचं. तिच्या माहेरी पाणी भुईवर ओतणं म्हणजे पाप. डोणीतला चुना उन्हानं भेगाळलेला तिला दिसला. तिनं रांजण त्यात रिता केला आणि हातानं कालवलं. ताकात कोकमाचं आगळ पडावं तसा चुना गुलाबी झाला.

मुकुयनं कपाळावर हात मारला. "अगं कातडेवाल्याच्या पोरी! देवाचं घर आहे ते, चप्पल नव्हे!"

"पाणी फेकवेना, आत्याबाई."

"मग प्यायचंस!"

कानुल डोणीशी उभा राहिला, आभाळाकडं बघितलं. नव्या चुन्यासाठी दगड भाजायला सवड नव्हती. "उघड्या भिंतीपेक्षा गुलाबी बरी," एवढंच म्हणाला आणि घोटायचा दगड कमरेचा काढून कामाला लागला. गाव हसलं. "देव उन्हात बसला वाटतं, खालनं भाजलाय!"

मुकुयनं गाठोडी बांधली.

पाऊस आला तो असा की समोरचं माणूस दिसेना. पायऱ्यांवरून दुधासारखा चुना वाहायला लागला. सगळं गाव भिजत बघत उभं. कानुलनं गाठोडं डोक्यावर घेतलं, बालामनं पाटा खांद्यावर टाकला. निक्ते तेवढी, पोर पाठीशी बांधलेली, देवाच्या पाया पडायला गेली. तिनं गुलाबी भिंतीला हात टेकला. उचलून पाहिला, तर हाताला चुना नाही. तिनं घासलं. मग नखानं खरवडलं.

"आत्याबाई! सुटत नाही!"

मुकुय गाठोडं चिखलात टाकून धावली. तिनं नखं लावली, पदर लावला, शेवटी मुठीनं बडवलं. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं पाणी भिंतीवरून ओघळत होतं आणि चुना जागचा हलत नव्हता. पुजाऱ्यानं काठीनं टोचून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "देवानं आपल्याला हवा तो रंग ठेवून घेतला."

"देवानं कसला! माझ्या सुनेनं," मुकुय म्हणाली. आणि त्या धो धो पावसातच तिनं सुनेच्या पाठीवरची पोर सोडवून कडेवर घेतली. गाव हसत, चिखल उडवत, देवळाभोवती तिच्यामागं फिरलं. अवजारं सगळी गाठोड्यांत. कानुलनं घोटायचा दगडच नातीच्या हाती दिला. मुलीला द्यायची ती पाट्या-वरवंट्याची वस्तू, पण पोरीनं दगड असा धरला म्हणे की सोडीच ना.

पुढं पुजारी म्हणाला, सगळं देऊळ गुलाबी कर. कानुल म्हणाला, "नको. देवालाही दरसाल धुवायला काहीतरी लागेल." म्हणून एकच भिंत.

आजही पावसाच्या तोंडाशी गावातल्या बाया तान्ही लेकरं घेऊन इथं येतात. सालीच्या लाल पाण्यात बाळाचा तळवा बुडवून भिंतीला लावतात, आणि त्याला पहिल्यांदा कडेवर घेते ती बापाची आई. एरवी भिंतीपुढं दोरी आहे. त्या दिवशी रखवालदार टोपी सारखी करत दुसरीकडं बघत राहतो.

त्या पोरीनं दगड सोडला नाही तो नाहीच. ती मोठी होऊन गवंडीण झाली, तिच्या लेकी-नाती गवंडिणी झाल्या, आणि कानुलचं बिऱ्हाड त्या गावातून कधी हललं नाही. एवढं सांगून फेलिपाबाईंनी कमरेच्या पिशवीतून झिजून अंड्यासारखा झालेला एक दगड काढला आणि हसत माझ्या हातात ठेवला. उबदार होता.