तळ्याकाठची परात

एकदा एक वृद्ध गृहस्थ डोंगरमाथ्यावरच्या एका तळ्याकाठी चार दिवसांसाठी तंबू घेऊन गेले आणि एकतीस वर्षं तिथेच राहिले. लोक त्यांना आबा म्हणत. तळं विस्तीर्ण होतं. तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला हिरड्याची झाडी. त्या झाडीत आबांनी हळूहळू बारा तंबूंचा मुक्काम उभा केला. शहरातल्या गोंगाटाला विटलेली माणसं आठ-पंधरा दिवस येऊन राहत, तीन दगडांच्या चुलीवर भात रांधत आणि पाण्याकडे बघत बसत. नियम दोनच होते. आल्याबरोबर मोबाइल लोखंडी पेटीत ठेवायचा. आणि सूर्य मावळल्यापासून सकाळी समोरच्या कड्यावर ऊन येईपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही.

हा दुसरा नियम आबांनी स्वतः एकतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. एकदा त्यांना पहाटे विंचू चावला, तेव्हा त्यांनी शेजारच्या तंबूचा पडदा हलवला आणि नुसता पाय पुढे केला. एका वादळात त्यांचा तंबू उडून तळ्यात पडला, तर ते भिजत उभे राहिले आणि ऊन आल्यावर म्हणाले, "बरं झालं, जुनाच होता." असा माणूस. पेटीची किल्ली सुताच्या दोऱ्यात ओवून ते गळ्यात घालत. ती किल्ली ज्याच्या गळ्यात जाईल, तो आबांच्या मागे मुक्काम सांभाळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भार्गव नावाचा एक तरुण शिष्य सहा वर्षं त्यांच्यापाशी होता. घरदार, नोकरी सोडून आला होता आणि त्या किल्लीवर त्याचा जीव होता. आबांची अट एकच होती, बारा दिवसांचं अखंड मौन. दिवसाही नाही बोलायचं आणि रात्रीही नाही. "एवढं जमलं की किल्ली तुझी," आबा म्हणाले होते.

ऐकायला सोपं वाटतं. आपल्यापैकी कितीजण बारा तास गप्प बसू शकतील, हा प्रश्न मी विचारत नाही, कारण उत्तर मलाही लागू पडेल! भार्गव दोनदा हरला होता. पहिल्या खेपेस तिसऱ्याच दिवशी पाहुणे आले आणि त्याच्या तोंडून सवयीने "या, या" निघून गेलं. दुसऱ्या खेपेस दहा दिवस निभावले. अकराव्या दिवशी चुलीकडून स्वयंपाकी किंचाळला, "साप! साप!" भार्गव काठी घेऊन धावत सुटला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "मागे व्हा! हलू नका!" साप कुठला आलाय! आबांनीच परीक्षा म्हणून स्वयंपाक्याला तसं ओरडायला सांगितलं होतं. भार्गवाचं मौन मोडलं, आणि रात्रभर त्याला झोप आली नाही. त्याने मनाशी गाठ बांधली की पुन्हा फसायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

कार्तिकात त्याने तिसऱ्यांदा मौन धरलं. त्याच सुमारास एक मसाल्याचे व्यापारी सपत्नीक मुक्कामाला आले होते. शेठ गोल चेहऱ्याचे, हसरे आणि कमालीचे भिडस्त. त्यांची लहानपणापासूनची एक हौस राहून गेली होती, एकट्याने होडी वल्हवायची. शेठाणीबाई काही ते होऊ देत नसत, कारण शेठना पोहता येत नव्हतं.

भार्गवाच्या मौनाच्या अकराव्या दिवशी, ऊन यायला अजून अवकाश असताना, शेठ हळूच तंबूबाहेर पडले आणि काठावरच्या जुन्या होडीकडे निघाले. शेठाणीबाईंनी पडद्यातून पाहिलं. डोळे वटारले, हाताने 'नाही, नाही' केलं, पण बोलता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच बायको रागावली असून गप्प आहे, ही संधी शेठ सोडणार होते थोडेच! त्यांनी पाहिलं न पाहिलंसं केलं आणि होडी पाण्यात लोटली.

त्या दिवशी तळ्यावर धुकं असं दाटलं होतं की हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. भार्गव काठावरच्या सपाट दगडावर मांडी घालून बसला होता. शेठ निघाले ते त्याला दिसलं नाही. मन छान स्थिर झालं होतं. आता फक्त आज आणि उद्या, एवढाच विचार अधूनमधून डोकवत होता.

इतक्यात पाण्यावरून हाक आली. अगदी हळू, जणू कोणी दुकानात आत डोकावून विचारावं तशी. "कोणी आहे का हो?"

भार्गवाचे कान टवकारले गेले. मग त्याला हसूच आलं. अकरावा दिवस! पुन्हा अकरावाच दिवस! आबांनी या खेपेला कोणाला तरी होडीत बसवलेलं दिसतंय. त्याने डोळे घट्ट मिटले.

थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. "अहो, जरा येता का?" आवाज किंचित थरथरत होता. भार्गव मनात म्हणाला, वा, सोंग मात्र छान वठवलंय. तो तसूभरही हलला नाही. स्वतःचा त्याला अभिमान वाटला, हेही सांगून टाकतो.

तिसरी हाक आलीच नाही. नुसतं पाणी खळबळल्यासारखं वाटलं.

आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीमागे असा काही कडकडाट झाला की तो बसल्या जागी उडाला. आबा! अनवाणी, अंगात नुसती बंडी, एका हातात चुलीजवळची पितळी परात आणि दुसऱ्या हातात लोखंडी डाव. ते जीव खाऊन परात बडवत होते आणि ओरडत होते, "अरे मुडद्यांनो, उठा! उठा रे! माणूस तळ्यात आहे!"

कड्यावर अजून ऊन नव्हतं. एकतीस वर्षांत जे कधी झालं नाही ते घडत होतं, आणि तेही शिवी देऊन! बाराही तंबूंतून माणसं धडपडत बाहेर आली. कोणी डोक्याला हात लावला, कोणी तोंडावर. म्हातारबुवांना वेड लागलं, असंच प्रत्येकाला वाटलं. आणि भार्गवाला काय वाटलं असेल? त्याला वाटलं, केवढी ही परीक्षा! माझ्यासाठी आबा स्वतःचं मौनसुद्धा पणाला लावताहेत. त्याने दात आवळले आणि तो आणखी ताठ बसला.

आबांनी हातातला डाव नेम धरून त्याच्या पाठीत हाणला.

"ऊठ, मूर्खा! शेठ बुडतोय!"

डावाचा रट्टा बसला तेव्हा भार्गवाने पहिल्यांदा आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा पांढराफटक पडला होता आणि हनुवटी लटलट कापत होती. असं सोंग कोणाला आणता येत नाही. अंगातला सदरा भिरकावून भार्गवाने पाण्यात उडी घेतली.

"मी परात वाजवत राहतो," आबा मागून ओरडले. "परतताना आवाजाच्या रोखाने ये!"

पण धुक्यात शेठना शोधायचं कसं? हाक मारायलाच हवी होती. भार्गवाने तोंड उघडलं, तर अकरा दिवस मिटलेला गळा, नुसती खरखर निघाली. त्याने पुन्हा जोर केला. "शेठ! अहो शेठ! कुठे आहात?"

डाव्या हाताला कुठेतरी बारीक आवाज आला, "इकडे..."

होडी पाण्याने काठोकाठ भरली होती. वल्हं कधीच वाहून गेलं होतं. शेठ गळ्यापर्यंत पाण्यात होते आणि होडीची कड दोन्ही हातांनी धरून राहिले होते. त्यांची बोटं निळी पडली होती. भार्गवाने एका हाताने त्यांचं बखोट धरलं, होडी तिथेच सोडून दिली, आणि तो परातीच्या आवाजाकडे पोहू लागला. धण्, धण्, धण्. दुसरं काही दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. काठाजवळ आबा छातीभर पाण्यात उतरून उभे होते, आणि तरीही डोक्यावर परात धरून मुठीने बडवत होते.

शेठना शेकोटीपाशी निजवलं, अंगावर घोंगड्या टाकल्या, सुंठीचा काढा पाजला. शेठाणीबाई त्यांचे पाय चोळत मोठमोठ्याने रडत होत्या, आणि मधूनमधून, "जाऊ नका म्हणत होते ना मी! हातांनी सांगत होते ना!" असं म्हणत होत्या. कड्यावर ऊन कधी आलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

शेठना बोलता येऊ लागलं तसं आबांनी विचारलं, "शेठ, तुम्ही एवढ्या हळू हाक का मारलीत? मला झोपेत नुसती चाहूल लागली, आवाज तुमचा वाटला म्हणून धावलो. ओरडायचं नाही का जोरात?"

शेठ ओशाळले. "आबा, इथली शांतता... एवढे लोक लांबून येतात. म्हटलं, आपल्या एकट्यापायी सगळ्यांचं मौन कशाला मोडायचं?"

बुडणारा माणूस बुडता बुडता नियम पाळत होता! आबांनी परात खाली ठेवली आणि ते शेठच्या उशाशी बसले.

मग ते म्हणाले, "भार्गवा, तू तर काठावरच होतास. तुला हाक ऐकू आली नाही?"

खोटं बोलणं भार्गवाला शक्य होतं. धुकं होतं, आवाज बारीक होता, कोणी दोष दिला नसता. पण त्याला रडू फुटलं. "आली, आबा. दोनदा आली. मला वाटलं, तुमचीच परीक्षा आहे. मागच्या सापासारखी."

आबा त्याच्याकडे बघतच राहिले. भार्गवाला वाटलं, आता हाकलून देणार. पण आबांनी दोन्ही हात जोडले आणि ते शिष्यासमोर वाकले.

"बाळा, हा अपराध माझ्यापासून सुरू झाला," ते म्हणाले. "त्या दिवशी 'साप' म्हटल्याबरोबर तू काठी घेऊन धावलास. स्वतःचे दहा दिवस पाण्यात जातील याचा विचारही केला नाहीस. त्याच दिवशी ही किल्ली मी तुझ्या गळ्यात घालायला हवी होती. मी तुला नापास केलं, आणि हाक आली तरी दगडासारखं बसायला शिकवलं. मौन कशासाठी धरायचं? आपली बडबड थांबली की दुसऱ्याचा बारीक आवाज ऐकू यावा म्हणून. तो ऐकू आल्यावरही जो गप्प बसतो, त्याच्यात आणि त्या दगडात फरक काय?"

"पण आबा, तुमची एकतीस वर्षं..."

"मोडली तर मोडली! माणूस गेला असता, तर ती वर्षं काय चाटायची होती?" आबा उठले. "उद्यापासून पुन्हा पहिला दिवस. तुझाही आणि माझाही."

परातीला ठिकठिकाणी पोचे पडले होते. तिच्यात आता भाकरी थापता आली नसती. भार्गवाने तिच्या काठाला भोक पाडलं आणि ती काठावरच्या हिरड्याच्या फांदीला टांगली. शेजारी डावही टांगला.

मग अकरा दिवस गेले. बाराव्या सकाळी पुन्हा तसंच धुकं होतं. ऊन यायला फार तर एक घटका राहिली होती. आबा आपल्या तंबूच्या दारात बसले होते, भार्गव त्याच दगडावर. आज किल्ली मिळणार, हे दोघांनाही माहीत होतं.

पाण्यावरून एक बारीक आवाज आला. माणसाचा की पाखराचा, काही कळेना.

भार्गवाच्या मनात आलं, पाखरूच असेल. मग मनात आलं, आणि नसलं तर? तो उठला, धावला आणि त्याने डाव उचलून परात बडवायला सुरुवात केली. "कोण आहे? कुठे आहात? आवाजाकडे या!"

सगळा मुक्काम जागा झाला. माणसं डोळे चोळत काठावर आली. धुक्यातून एक पाणकोंबडी फडफडत निघाली, परातीकडे रागाने बघत लव्हाळ्यात शिरली आणि तिथून पुन्हा तसाच आवाज काढू लागली. दोघेतिघे हसले, एकजण कपाळावर हात मारून पुन्हा झोपायला गेला. भार्गव डाव हातात धरून मान खाली घालून उभा होता. बाराव्या दिवशी, एका कोंबडीपायी!

आबा सावकाश चालत त्याच्यापाशी आले. कड्यावर अजून ऊन नव्हतं, म्हणून ते काही बोलले नाहीत. त्यांनी गळ्यातला दोरा काढला आणि किल्लीसकट भार्गवाच्या गळ्यात घातला.