निळ्या धुराचे झाडवन

एका राज्यात काळंजन नावाचा मांत्रिक आला आणि त्याने भर चौकात धुनी पेटवली. तिचा निळा धूर जो ओढी, तो पहिल्या झुरक्यात दुःख विसरे, दुसऱ्यात स्वतःचे नाव विसरे, तिसऱ्यात घर विसरे. धुनीच्या राखेतून रोज सोने निघे. त्यातला निम्मा वाटा राजा प्रतापकेतूच्या भांडारात पडे.

माणसे धुराच्या पायी वाया जाऊ लागली, तेव्हा राजाने आज्ञा केली, "धूर ओढणाऱ्याला वेशीबाहेर काढा!" धुनी मात्र तशीच राहिली. वेशीबाहेर गेलेला माणूस राखाडी झाड होई.

दुर्गपाल वीरसेनाचेही असेच झाड झाले. त्याचा धाकटा भाऊ युद्धात पडला होता. ते दुःख त्याला सोसवले नाही. त्याची पत्नी हेमांगी रोज सांजवेळी तटावर उभी राही. इतक्या झाडांत आपले कोणते, हे तिला कळत नसे. मग ती साऱ्यांनाच डोळे भरून पाही. घरी दोन ताटे वाढी आणि एकटी जेवी.

एके दिवशी तटावर भारद्वाज पक्षी येऊन बसला. म्हणाला, "बाई, नुसत्या रडण्याने माणूस परतत नाही. तीन कामे कर. नागाच्या राईतली कडू मुळी आण. झाडांत जा आणि पतीला नावाने हाक मार, ओ येईपर्यंत मार. आणि राजाच्या हातून धुनी विझव. ती पाण्याने विझत नाही. जे सोने तिने दिले, तेच तिच्यात पडले तर विझते."

हेमांगी राईत गेली. नागाने विचारले, "कोणासाठी?"

"ज्याला मी आठवत नाही, त्याच्यासाठी."

नागाने वेटोळे सोडले. मुळी घेऊन ती झाडांत शिरली. बुंध्याबुंध्याला मिठी मारून हाका देत फिरली. घसा बसला, तेव्हा एका फांदीवरचे एकच पान थरथरले. तिने तिथेच कपाळ टेकले. "इथेच थांबा," म्हणाली, आणि दरबारात आली.

"महाराज, भांडारातले सोने धुनीत टाका."

"मग सैन्य कशावर पोसू?"

"कोणते सैन्य, महाराज? ते तर वेशीबाहेर झाडे होऊन उभे आहे."

राजा तटावर चढला. बराच वेळ पाहत राहिला. मग खाली उतरून त्याने भांडार उघडवले आणि स्वतःच्या हाताने सोने धुनीत ओतले. धुनी फुत्कारली, विझली. काळंजन धुराबरोबर विरून गेला. राजाने वेस उघडली.

बऱ्याच झाडांना हातपाय फुटले. वीरसेन कापत, घामाने भिजत हेमांगीपुढे उभा राहिला. तिला ओळखण्याआधी त्याने विचारले, "धूर आहे?"

"नाही," ती म्हणाली. "मी आहे."

तिने त्याला कडू मुळीचा काढा पाजला. त्याने तो थुंकून टाकला, तिने पुन्हा पाजला. कित्येक रात्री तो तडफडला. एका पहाटे त्याने भावाचे नाव घेतले आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून मोठ्याने रडला.

राजाने आज्ञा फिरवली. वेशीजवळ धर्मशाळा बांधली. जो येईल त्याला काढा मिळे, अंथरूण मिळे. अपराध कोणी विचारत नसे. धूर विकणाऱ्याला मात्र राज्यात थारा उरला नाही.

काही झाडे अजून झाडेच आहेत. त्यांच्या आया तिन्हीसांजेला जातात, हाका मारतात. ऐकणाऱ्यांनो, त्यांना ओ मिळो, आणि तुमची माणसे सुखरूप घरी येवोत.